ऋतू कोणत्या घड्याळाने मोजावा? : सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि चिकित्सकाचा कालविचार

दोष, दूष्य, बल, अग्नी, प्रकृती, वय यांच्या बरोबरीने काल पाहिल्याशिवाय चिकित्सा करू नये, हा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. औषधाचा काल, शोधनाचा काल, वनस्पती उपटण्याचा काल, इतकेच काय पण पाणी पिण्याचा कालही ग्रंथकारांनी सांगून ठेवला आहे. मात्र हा काल आपण प्रत्यक्षात मोजतो कशाने, याचा विचार क्वचितच होतो. चिकित्सालयाच्या भिंतीवर दिनदर्शिका असते. तीवर इंग्रजी तारीख मोठ्या अक्षरात आणि तिथी लहान अक्षरात असते. वासंतिक वमनाची जाहिरात देताना आपण त्या लहान अक्षरांकडे पाहतो व 'चैत्र' शोधतो. येथेच एक अडचण उभी राहते.

गेल्या काही वर्षांतील गुढीपाडव्याच्या तारखा पाहू. २०१८ साली पाडवा १८ मार्चला आला, २०२१ साली १३ एप्रिलला, २०२३ साली २२ मार्चला, २०२४ साली ९ एप्रिलला आणि २०२६ साली १९ मार्चला. म्हणजे 'चैत्र शुद्ध प्रतिपदा' हा एकच शब्द सव्वीस दिवसांच्या पट्ट्यात मागेपुढे सरकतो. धाराशिव जिल्ह्यात हे सव्वीस दिवस किरकोळ नव्हेत. मार्चच्या मध्यावर सकाळी अजून गारवा असतो व कफ नुकता पातळ होऊ लागलेला असतो. एप्रिलच्या मध्यावर पारा चाळिशीकडे झुकलेला असतो आणि रुग्ण आधीच उन्हाने शोषलेला असतो. पहिल्या स्थितीत वमन हितकर, दुसऱ्या स्थितीत तेच वमन जलक्षयाला निमंत्रण. मग चैत्र खरा की ऊन खरे? प्रस्तुत लेखात सूर्य, चंद्र व पृथ्वी यांच्या परस्परगतीचा जो भाग वैद्यास व औषधी-निर्मात्यास उपयोगी पडेल तेवढाच आम्ही मांडणार आहोत.

सूर्याचे घड्याळ : अयने

ऋतू होतात ते पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे. पृथ्वीचा आस तिच्या भ्रमणकक्षेशी काटकोनात नसून सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर तो आकाशात एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळे सहा महिने उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो व सहा महिने दक्षिण गोलार्ध. सूर्य जवळ आल्याने उन्हाळा होतो हा समज बराच पसरलेला आहे. वस्तुस्थिती उलट आहे. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, म्हणजे सर्वांत जवळ असते. जुलैच्या आरंभी ती सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर, म्हणजे सर्वांत दूर असते. आपण कुडकुडतो तेव्हाच सूर्य जवळ असतो.

धाराशिव शहर सुमारे १८.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे २१-२२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर चढतो आणि दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. तेथून सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तो बरोबर डोक्यावर येतो, त्या दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. २१ जूनला तो आपल्याही उत्तरेला सुमारे पाच अंश जातो व दिवस सव्वातेरा तासांचा होतो. परतीच्या वाटेवर जुलैअखेरीस तो पुन्हा डोक्यावर येतो. पण तोवर आकाश ढगांनी भरलेले असते, म्हणून दुसरी 'शून्य सावली' फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

चरकाने वर्षाचे आदान व विसर्ग असे दोन भाग केले, ते याच गतीवर. उत्तरायणात सूर्य जगाचा स्नेह व बल घेतो, दक्षिणायनात सोमाचे बल वाढून ते परत मिळते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, २१ डिसेंबरपासून सूर्यकिरण दिवसेंदिवस अधिक सरळ पडतात, दिवस वाढतो, जमीन तापते, ओलावा उडतो. ही तापलेली जमीनच पुढे समुद्रावरील बाष्पयुक्त वारे ओढण्यास कारण होते आणि आदान संपता संपता मोसमी पाऊस येतो. आदानाच्या टोकाशी विसर्गाचे बीज आहे, हे ग्रंथकारांचे निरीक्षण अचूक आहे. मात्र हे घड्याळ पूर्णतः सूर्याचे आहे. त्यात तिथीचा संबंध कोठेही येत नाही.

चंद्राचे घड्याळ : मास व अधिकमास

चंद्र पृथ्वीभोवती फिरतो व त्याच वेळी पृथ्वी सूर्याभोवती पुढे सरकते. त्यामुळे चंद्राची दोन मापे होतात. एका नक्षत्रापासून निघून पुन्हा त्याच नक्षत्रात येण्यास त्याला सुमारे २७.३ दिवस लागतात. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे २९.५ दिवस लागतात. आपला महिना दुसऱ्या मापाचा. असे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी सुमारे अकरा दिवसांची तूट पडते आणि ती साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिकमास घालून भरून काढली जाते. २०२० साली अधिक आश्विन आला, २०२३ साली अधिक श्रावण आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठ.

ही योजना आपल्या पूर्वजांच्या गणितकौशल्याची साक्ष आहे. शुद्ध चांद्रवर्ष पाळले असते तर श्रावण कधी हिवाळ्यातही आला असता. अधिकमासामुळे महिना ऋतूच्या दाव्याला बांधलेला राहतो. पण दावे महिनाभर लांबीचे आहे, हे विसरता कामा नये. २०२३ साली निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू झाला. २०२५ साली श्रावण २५ जुलैलाच सुरू झाला. श्रावणातील बस्तिविधान करणाऱ्या वैद्याने दोन्ही वर्षी 'श्रावण' शब्दावर विसंबून काम केले, तर दोन्ही वेळी तो एकाच ऋतूत होता असे म्हणता येणार नाही.

तिसरे घड्याळ : अयनचलन

याहून सूक्ष्म असा तिसरा फरक आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे अतिशय मंद गतीने डुलतो. एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. सूर्य व चंद्र हे दोघे पृथ्वीच्या विषुववृत्ताजवळील फुगवट्याला ओढतात, त्यातून ही गती उत्पन्न होते. तिच्यामुळे संपातबिंदू दरवर्षी सुमारे ५० विकला, म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. शं. बा. दीक्षितांच्या १८९६ मधील भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या विषयाचा ऊहापोह आला आहे, आणि सायन-निरयन वाद महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे.

वैद्याला यातून काय घ्यावयाचे? इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस निरयन मकरसंक्रांत व खरे उत्तरायण एकाच सुमारास होत असे. आज संक्रांत १४-१५ जानेवारीला येते आणि उत्तरायण मात्र २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते. हा सुमारे चोवीस दिवसांचा फरक आपल्या चांद्रमासांतही उतरला आहे, कारण महिन्यांची नावे निरयन संक्रांतींवरून ठरतात. अष्टांगहृदयात श्रावण, कार्तिक व चैत्र हे शोधनाचे साधारण महिने सांगितले आहेत. वाग्भटाचा काल सहावे-सातवे शतक धरला, तर त्याच्या चैत्रात जो ऋतू असे तो आजच्या चैत्राच्या सुमारे वीस दिवस आधी येऊन गेलेला असतो. ग्रंथ बदललेला नाही, ऋतूही आपल्या जागी आहे. नावाची पाटी मात्र सरकली आहे.

हिशेब करून पाहू. आजचा चैत्र १८ मार्च ते १३ एप्रिल या दरम्यान सुरू होतो. त्यातून वीस दिवस वजा केले तर वाग्भटोक्त चैत्राचा आरंभ फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या चौथ्या आठवड्यादरम्यान येतो. त्याच रीतीने कार्तिक ऑक्टोबरात व श्रावण जुलैत सुरू होतो. अर्थात अमान्त व पौर्णिमान्त गणनेतील कृष्णपक्षाचा फरकही येथे लक्षात घ्यावा लागतो, म्हणून या तारखांना रेघ न समजता पट्टा समजावे. भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सूर्याच्या घड्याळावर चालते. तिचा चैत्र दरवर्षी २२ मार्चला, प्लुतवर्षी २१ मार्चला सुरू होतो. सणवारासाठी ती लोकांनी स्वीकारली नाही. चिकित्सालयातील नोंदीसाठी मात्र तिचा विचार होण्यासारखा आहे.

आपला जिल्हा व सुश्रुताचे दोन ऋतुक्रम

सुश्रुतसंहितेत ऋतूंचे दोन क्रम आहेत. पहिला शिशिरापासून हेमंतापर्यंतचा सर्वपरिचित क्रम. दुसरा दोषांचा संचय, प्रकोप व प्रशम समजण्यासाठी. त्यात शिशिर नाही आणि ग्रीष्मानंतर प्रावृट् हा निराळा ऋतू आहे. या क्रमात आषाढ-श्रावण प्रावृट्, भाद्रपद-आश्विन वर्षा, कार्तिक-मार्गशीर्ष शरद, पौष-माघ हेमंत, फाल्गुन-चैत्र वसंत व वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म. दोन क्रम का, याविषयी टीकाकारांनी काश्यपाचे म्हणून जे मत दिले आहे ते आपल्यासाठी महत्त्वाचे आहे: गंगेच्या दक्षिणेस पाऊस अधिक म्हणून प्रावृट् व वर्षा असे पावसाचे दोन ऋतू; उत्तरेस हिमालयामुळे थंडी अधिक म्हणून हेमंत व शिशिर असे थंडीचे दोन ऋतू. देशानुसार काल पालटतो, हे येथे स्पष्ट मान्य केलेले आहे.

धाराशिव जिल्हा गंगेच्या दक्षिणेस तर आहेच, शिवाय सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटावर रिते होतात आणि बालाघाटाच्या या पठारावर जून-जुलैत बहुधा तुटक सरी पडतात. दोन सरींमध्ये कडक ऊन असते. सोलापूर-धाराशिव पट्ट्यात खरा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि त्याच दिवसांत भूम-परंडा परिसरात अतिवृष्टीने नद्यांना पूर येऊन वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या. पाठ्यक्रमातील पहिल्या क्रमाने पाहिले तर आश्विन म्हणजे शरद. पित्तप्रकोप, विरेचन, कोरडी हवा. प्रत्यक्षात त्या आश्विनारंभी गुडघाभर पाणी, ओले धान्य, गढूळ विहिरी व मंद अग्नी असे पूर्ण वर्षा ऋतूचे चित्र होते. सुश्रुताचा दुसरा क्रम त्या चित्राशी तंतोतंत जुळतो.

म्हणून आमचे मत असे की, आपल्या जिल्ह्यापुरता शोधनासाठी प्रावृट्-वर्षा असलेला क्रम स्वीकारावा. पाऊस परतल्यानंतर, बहुधा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, ऊन तापू लागते व आम्लपित्त, शीतपित्त, दाह घेऊन रुग्ण येऊ लागतात. तेव्हा विरेचनाचा विचार करावा. वमनासाठी फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेर हा पट्टा योग्य. याच सुमारास येडशी-रामलिंगच्या रानात पळस फुललेला असतो. वसंताचे हे लक्षण ग्रंथातही आहे व रानातही. बहावा पिवळा झाला की वमनाचे दिवस सरले असे समजावे.

येथे आणखी एक गोष्ट. काल स्वतःही बिघडतो. त्याचे हीनयोग, अतियोग व मिथ्यायोग चरकाने सांगितले आहेत. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तो हीनयोग. २०२५ चा सप्टेंबर हा अतियोग. अशा वर्षी सूर्याचे घड्याळही चौकटीपुरतेच उपयोगी पडते. निर्णय ऋतुलक्षणांवरूनच करावा लागतो.

पौर्णिमा, अमावास्या आणि शरीर

'अमावास्येला दमा वाढतो का?', 'पौर्णिमेला झोप का येत नाही?' हे प्रश्न आपल्या सर्वांच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. उत्तर म्हणून बहुधा असे सांगितले जाते की, चंद्रामुळे समुद्राला भरती येते, शरीरात पाणी अधिक, म्हणून शरीरालाही भरती येते. हे उत्तर सुबक आहे, पण ते शास्त्राला धरून नाही.

भरती येते ती चंद्राच्या ओढीतील फरकामुळे. पृथ्वीची चंद्राकडील बाजू चंद्राला जवळ, पलीकडील बाजू दूर; सुमारे बारा हजार सातशे किलोमीटरच्या या व्यासात ओढ कमीजास्त होते व पाणी दोन्ही बाजूंना फुगते. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे दोन कोटी सत्तर लाख पट वजनदार. पण तो सुमारे ३९० पट दूर आहे आणि हा परिणाम अंतराच्या घनाने घटतो. म्हणून सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते व कोकणात उधाण येते. अष्टमीच्या सुमारास काटकोनात येते व भांग पडतो. आता सहा फुटी माणसाच्या डोक्यात व पायात चंद्राच्या ओढीचा फरक किती, हे पाहावे. तो पृथ्वीच्या ओढीच्या लक्ष कोटी भागांतील एकाहूनही कमी आहे. समुद्र फुगतो तो हजारो किलोमीटर पसरलेला असल्यामुळे, केवळ पाणी असल्यामुळे नव्हे. तेरणेच्या जलाशयातही पौर्णिमेला डोळ्यांना दिसणारी भरती येत नाही. मग रक्तवाहिनीत कोठून येणार?

हाच प्रश्न आमच्या भागात अधिक गंभीर रूपाने विचारला जातो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला व लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती नुकतेच विसर्जित झाले होते आणि पौर्णिमा लागत होती. उमरगा-लोहारा भागातील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात ती तिथी व तो प्रलय यांची गाठ बसली आहे. भूमीलाही भरती येते हे खरे आहे. चंद्र-सूर्याच्या ओढीने घन जमीनही दिवसातून दोनदा काही इंच ते फूटभर वरखाली होते, फक्त सर्व परिसर एकदम हलत असल्याने ते जाणवत नाही. परंतु किल्लारीचा भूकंप भारतीय भूपट्ट उत्तरेकडे ढकलला जात असताना खडकात साठत गेलेल्या ताणाने, जुन्या भेगेवर झाला. पौर्णिमा व अमावास्या मिळून वर्षात चोवीस-पंचवीस वेळा येतात. १९९३ पासून त्या आठशेच्या आसपास येऊन गेल्या. तिथी पाहून भूकंप सांगता येत नाही. भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास धडधड व अनिद्रा घेऊन येणाऱ्या वृद्धास हे गणित शांतपणे समजावून सांगणे हीच सत्त्वावजय चिकित्सा होय. त्या भीतीची थट्टा मात्र कदापि करू नये; ज्यांनी घरातली माणसे ढिगाऱ्यातून काढली, त्यांची ती भीती आहे.

मग चंद्राचा शरीराशी संबंध नाहीच का? असेही म्हणता येत नाही. स्वित्झर्लंडमधील बासेल येथील २०१३ च्या एका अभ्यासात, चंद्र दिसत नसलेल्या प्रयोगशाळेतही, पौर्णिमेच्या सुमारास स्वयंसेवकांची झोप सुमारे वीस मिनिटांनी कमी आढळली. अर्जेंटिनातील तोबा-कोम समाजावरील २०२१ च्या अभ्यासात पौर्णिमेच्या आधीच्या रात्री लोक उशिरा झोपतात व कमी झोपतात असे दिसले. अभ्यास थोडे आहेत, परिणाम लहान आहे व कारण निश्चित नाही. तरी निद्रा हा त्रयोपस्तंभांपैकी एक असल्याने अपस्मार व उन्माद यांच्या रुग्णांत झोप मोडणे हे वेग येण्यास पुरेसे निमित्त ठरते. सुश्रुताने उत्तरतंत्रात निरनिराळ्या ग्रहांच्या आवेशासाठी पौर्णिमा, अमावास्या, अष्टमी अशा तिथी सांगितल्या आहेत. त्या निरीक्षणांची आज पारख करावयाची असेल तर प्रत्येक वेगाची तारीख व आदल्या रात्रीची झोप लिहून ठेवावी. आठवणीवर विसंबू नये. कारण पौर्णिमेला आलेला झटका लक्षात राहतो, षष्ठीला आलेला विसरला जातो.

ग्रहण : धोका कोठे आहे?

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे. त्यामुळे बहुतेक अमावास्यांना चंद्राची छाया पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. दोन कक्षा जेथे छेदतात त्या बिंदूंना आपण राहू व केतू म्हणतो. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंजवळ घडली तरच ग्रहण होते. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ग्रहण हे छायेचे कार्य आहे असे सांगितले होते. ग्रहणात सूर्यापासून नवे, विषारी असे किरण निघत नाहीत. चंद्रग्रहणात तर पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, आपल्यावर काहीच पडत नाही.

धोके दोनच आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला डोळ्यांचा. खंडग्रास सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास दृष्टिपटल भाजते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी महाराष्ट्रात सूर्य ग्रहण लागलेल्या स्थितीतच मावळला. अशा वेळी मावळता सूर्य सौम्य भासतो व पाहण्याचा मोह होतो. २ ऑगस्ट २०२७ रोजी पुन्हा महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसण्याचा योग आहे. तेव्हा प्रमाणित चष्म्याविषयी आधीच सांगावे. धूर लावलेली काच व क्ष-किरणांची फिल्म यांवर भिस्त ठेवू नये.

दुसरा धोका उपवासाचा. ७ सप्टेंबर २०२५ चे चंद्रग्रहण रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी सुरू झाले व १ वाजून २६ मिनिटांनी सुटले. सूतक दुपारी एकच्या सुमारास लागले. म्हणजे काटेकोर पाळणाऱ्यास बारा तासांहून अधिक काळ अन्नपाणी वर्ज्य. मधुमेही रुग्ण सकाळी इन्सुलिन किंवा गोळी घेऊन हा उपवास करतो तेव्हा त्याची शर्करा धोकादायक रीत्या उतरू शकते. गर्भिणीस अन्नपाण्यावाचून व हालचालीवाचून बारा तास ठेवणे गर्भिणी-परिचर्येच्या मूळ तत्त्वाविरुद्ध आहे. धर्मशास्त्रातही बाल, वृद्ध, आतुर व गर्भिणी यांच्यासाठी सूतकाची मुदत शिथिल केलेली आढळते. ही सवलत रुग्णाच्या सासूबाईंसमोर, आदराने व ठामपणे सांगणे हे वैद्याचे काम आहे. श्रद्धेला आव्हान न देता रुग्ण वाचवता येतो.

औषधी-संग्रह : पुष्य की पाऊस?

हा भाग औषधी-निर्मात्यांसाठी. पुष्य नक्षत्रावर वनस्पती घ्यावी अशी परंपरा आहे. चंद्र दर २७.३ दिवसांनी पुष्यात येतो, म्हणजे वर्षातून तेरा वेळा. आषाढातल्या पुष्यावर शतावरीचे मूळ नव्या वाढीत खर्ची पडत असते. माघातल्या पुष्यावर ते भरलेले असते. नक्षत्र एक, द्रव्य दोन. म्हणून पुष्य हा दिवस ठरवण्यास चालेल, ऋतू ठरवण्यास नाही. चरकाने कल्पस्थानात शाखा-पाने वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात आणि सार हेमंतात घ्यावे असे सांगितले. हा सर्व हिशेब सूर्य व पावसाचा आहे. वनस्पती फुलण्याचा काल ठरवते तो मुख्यतः दिवस-रात्रीच्या लांबीवरून, उष्णतेवरून व ओलाव्यावरून. पौर्णिमेचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांतील एक भाग असतो.

व्यापाऱ्याकडून माल घेताना 'शुभ दिवशी काढलेला' या शब्दापेक्षा संग्रहाचा महिना, गाव व त्या आठवड्यातील पाऊस यांची नोंद मागावी. ओल्या सप्टेंबरात काढलेल्या मुळ्या नीट वाळल्या नाहीत तर बुरशी धरतात आणि मग नक्षत्र त्यांना वाचवत नाही. ग्रहणकाळात घोटलेले किंवा उघडे राहिलेले औषध टाकून देण्याची प्रथाही काही ठिकाणी आहे. तेथे झाकण, ओलावा व स्वच्छता एवढेच पाहावे.

शरद ऋतूतील हंसोदकाचे वर्णन या संदर्भात मननीय आहे. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले व अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले पाणी ते हंसोदक. अगस्त्य हा दक्षिणेचा तेजस्वी तारा. धाराशिवहून तो क्षितिजापासून जास्तीत जास्त एकोणीस अंश वर चढतो व ऑगस्टच्या मध्यानंतर, ढग नसतील तर, पहाटे दक्षिण-आग्नेयेस दिसू लागतो. ताऱ्याने पाणी शुद्ध होते असे म्हणण्यापेक्षा, पाऊस ओसरून गाळ बसण्याचा काल ओळखण्याची ती आकाशातील खूण होती असे म्हणणे आम्हास योग्य वाटते. खूण पाहिली म्हणून पाणी तपासण्याचे काम टळत नाही. पूर आलेल्या वर्षी अगस्त्य उगवला तरी पाणी उकळूनच द्यावे.

व्यवहारासाठी सूचना

१. ऋतूची चौकट सूर्यावरून ठरवावी. २१-२२ डिसेंबर, २० मार्च, २१ जून व २२-२३ सप्टेंबर हे चार टप्पे चिकित्सालयात लिहून ठेवावेत.

२. शोधनाचा प्रत्यक्ष दिवस ऋतुलक्षणांवरून ठरवावा: पारा, पाऊस, पळस-बहाव्याचा फुलोरा आणि रुग्णाचे बल. दिवसाचे कमाल तापमान चाळिशीजवळ असता केवळ 'चैत्र आहे' म्हणून वमन देऊ नये.

३. तिथीचा उपयोग सणवार, यात्रा व त्यातील गर्दीच्या नियोजनासाठी करावा. आश्विन पौर्णिमेस तुळजापूरची वाट चालणारे भाविक २०२३ साली २८ ऑक्टोबरला चालले, २०२५ साली ६ ऑक्टोबरला. पायांच्या फोडांचे मलम तेच. पण एका वर्षी उन्हाची तयारी हवी, दुसऱ्या वर्षी पावसाची.

४. ग्रहणाच्या आठ दिवस आधी मधुमेही व गर्भिणी रुग्णांना आहार-औषधाविषयी लेखी सूचना द्यावी.

५. औषधी-निर्मात्यांनी संग्रहाची तारीख इंग्रजी व राष्ट्रीय सौर या दोन्ही पद्धतींनी लिहावी, म्हणजे वर्षावर्षांची तुलना करता येईल.

शेवटी एक विनंती. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम व परंडा या आठही तालुक्यांतील सभासदांपैकी निदान प्रत्येकी दोघांनी येत्या उत्तरायणापासून दोन वर्षे एक साधी वही ठेवावी. तीत रोजचे कमाल तापमान, पाऊस, तिथी आणि कास, श्वास, आम्लपित्त, ज्वर, संधिशूल व अपस्मार या सहा व्याधींचे नवे रुग्ण एवढेच लिहावे. दोन वर्षांनी वह्या एकत्र केल्या म्हणजे आपल्या जिल्ह्याचा ऋतुक्रम कोणत्या ग्रंथाशी जुळतो व तिथीचा प्रभाव कितपत खरा, हे आपल्याच आकड्यांवरून सांगता येईल. वहीचा नमुना सर्वांना एकच असावा, म्हणून त्याविषयीच्या सूचना सभासदांनी संपादकांकडे अवश्य पाठवाव्यात.